सरकार मोबाइलवर गेलं, मोबाइल अजून डोंगरात पोचायचाय

जांभा (रत्नागिरी)

आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याला. गावात एक टॉवर आहे. वीज गेली की थोड्या वेळाने तोही बंद पडतो, आणि पावसाळ्यात वीज किती जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वरच्या वाडीत तर टॉवर चालू असला तरी रेंज येत नाही. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, चढलं की येते.

कुठल्या कंपनीवर राग काढण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. मला राज्यकारभाराबद्दल बोलायचंय. सरकारची एकेक खिडकी मोबाइलवर गेली. ती उघडी राहते की नाही, याची जबाबदारी मात्र कुणीच घेतलेली नाही.

ताजं उदाहरण लाडकी बहीण योजनेचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली. मुदत आधी दोन महिने होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाईच्या आधारचा ओटीपी लागायचा आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकाच घरात राहणारं जोडपं असावं. आमच्याकडे कितीतरी घरांतला नवरा मुंबईला, नाहीतर भिवंडीच्या गोदामात. कामावर फोन आत नेऊ देत नाहीत. इकडे बायको पुतण्याचा फोन घेऊन सड्यावर उभी. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. तिकडे नवऱ्याने मेसेज बघायचा, इकडे फोन करून आकडे सांगायचे, आणि तोवर साइट चालू राहिली पाहिजे. माझ्या ओळखीच्या बायकांनी रोजंदारी बुडवून हे केलंय. महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी दिवसाची मजुरी घालवायची, आणि तरी काम होईलच असं नाही.

हे एवढ्यावरच थांबत नाही. रेशनला अंगठा लावायचं मशीन नेटवर चालतं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर करायची आहे. ती झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक दिसलं नाही की नुकसानभरपाईला अडचण. रोजगार हमीची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर फोटो काढूनच लागते. अंगणवाडी ताईंना पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आहे. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते, आठवत असेल. काम टाळायचं म्हणून नाही केलं त्यांनी ते. ते फोन ॲपचं ओझं पेलत नव्हते.

या सोयींच्या विरोधात मी नाही, हे आधीच सांगतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत, हे मोठं काम झालंय. ज्याच्या घरात रेंज आहे त्याचे कष्ट खरोखर वाचले. ज्याच्या घरात नाही त्याचे मात्र वाढले, कारण जुनी वाट बंद झाली.

आता दाद कुठे मागायची? दूरसंचार हा केंद्राचा विषय, घटनेच्या संघ सूचीतला. योजना बहुतेक राज्याच्या. राज्याच्या कार्यालयात गेलं की उत्तर मिळतं, टॉवर आमच्या हातात नाही. कंपनीकडे गेलं तर तक्रार क्रमांक मिळतो, आणि मग ‘तुमच्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज येतो, तोही सड्यावर गेल्यावर. ट्राय, म्हणजे केंद्राची दूरसंचार नियामक संस्था, वैयक्तिक तक्रारी घेतच नाही.

ट्रायचे २०२४ चे सेवा-दर्जाचे नियम मी नीट वाचले. एखाद्या जिल्ह्यात चार तासांपेक्षा जास्त सेवा बंद पडली तर कंपनीने २४ तासांच्या आत ट्रायला कळवायचं. २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ. नियम चांगला आहे. पण मोजमापाचं एकक जिल्हा आहे! आमच्या एका गावाचा टॉवर आठवडाभर बंद राहिला तरी रत्नागिरी जिल्हा चालूच असतो. म्हणजे नियमाच्या हिशेबात आमच्याकडे काही घडलेलंच नसतं.

राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्याचंही तेच होतं. २०१५ चा हा कायदा मला मनापासून आवडतो. ठरलेल्या मुदतीत सेवा, नाही मिळाली तर अपील, आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण मुदत मोजायची कधीपासून? अर्जाची पोच मिळाल्यापासून. साइट उघडली नाही, ओटीपी आला नाही, तर अर्जच दाखल होत नाही. अर्ज नाही म्हणून पोच नाही, आणि पोच नाही म्हणून अपीलही नाही. सगळ्यात जास्त अडलेला माणूसच कायद्याच्या बाहेर राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या खात्याने आपली सेवा नेटवर्कवर नेली, त्या गावात नेटवर्क आहे की नाही ते बघणं हेही त्याच खात्याचं काम. आणि जिथे नाही तिथे त्याच दिवशी, त्याच खिडकीवर कागदाची वाट उघडी असली पाहिजे. मुदतवाढ नको, वाट हवी. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि यावर कायद्याने काही करता येतं का?

---

तारायंत्र

जांभादादा, मी टॉवरच्या देखभालीच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून आतली बाजू सांगतो.

डोंगरातल्या टॉवरला बहुतेक ठिकाणी फायबर नसतं. एका टॉवरवरून दुसऱ्यावर मायक्रोवेव्हने लिंक जाते. मधला एक बसला की पुढचे सगळे बसतात. त्यामुळे तुमच्या गावात वीज असूनही रेंज जाते, कारण वीज चार गावं अलीकडे गेलेली असते. बॅटरी नवी असते तेव्हा काही तास काढते. दोन पावसाळ्यांनंतर तिच्यात दम राहत नाही. डिझेल पोचवायला रस्ता लागतो, आणि वादळात रस्ता आधी बंद होतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडे हेच झालं. विजेचे खांब आडवे, म्हणून टॉवर बंद, म्हणून मदत मागायलाही फोन नाही.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. टॉवर बऱ्याचदा सिमकार्डवाल्या कंपनीचा नसतोच. तो टॉवर कंपनीचा असतो, सिमवाले भाडेकरू. बॅटरी कुणी बदलायची यावर दोघांत पत्रव्यवहार चालतो. ज्या टॉवरवर भाडेकरू एकच आणि गिऱ्हाईक थोडं, त्याची फाइल सगळ्यात खाली. खालच्या पोरांना दोष देऊ नका, रात्री पावसात टॉवरवर चढणारी तीच असतात.

भारतनेटबद्दलही थोडं, म्हणजे गावोगाव इंटरनेटची केबल न्यायच्या केंद्राच्या योजनेबद्दल. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालं तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत केबल न्यायचं ठरलं. पहिली रचना माळेसारखी होती, एका गावातून पुढच्या गावात. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने कुठेही केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात वर्तुळाची रचना आहे. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने डेटा येतो. हे आधीच करायला हवं होतं. आता तरी नीट झालं तर फरक पडेल.

---

सातपुड्याचा (धडगाव)

आमच्याकडे पाड्यापाड्यांत अंतर आहे, गाव म्हणजे एका ठिकाणी नाहीच. गावात टॉवर आहे असं कागदावर असतं, पण पाडा डोंगरापलीकडे. रेशन दुकानदार मशीन घेऊन रेंजच्या जागी जाऊन बसतो आणि तिथे अंगठे घेतो. म्हाताऱ्या माणसांनी तिथवर चालायचं, मग धान्याला परत दुकानात यायचं. दुकानदार वाईट नाही, त्याला दुसरा मार्गच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावं आहेत. उपग्रहाचं नेट आश्रमशाळेत आणि आरोग्य केंद्रात आलं तर आम्हाला आनंदच आहे. पण आधार, ओटीपी हे सगळं साध्या मोबाइलच्या मेसेजवर येतं. डिश शाळेच्या छतावर आणि ओटीपी बाईच्या फोनवर, हे कसं जुळवणार ते आधी ठरवा. शाळेचं वायफाय पाड्यातल्यांना वापरू देणार का, हे सुद्धा.

---

वारणाकाठ

विषय महत्त्वाचा आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. कागदाची वाट म्हणजे काय हे आपण सगळ्यांनी बघितलंय. खोटी मस्टर, मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन, अनुदानातून आधी कुणाचा तरी वाटा. पैसे थेट खात्यावर येऊ लागल्यावर हे खूप कमी झालं. कागदाची वाट उघडली की ते सगळे परत येणार. आणि चाळीस घरांच्या वाडीसाठी कुठली खाजगी कंपनी टॉवर उभारील? परवडायला नको का?

---

जांभा

वारणाकाठ, तुमची काळजी खरी आहे. खोट्या मस्टरमध्ये ज्यांची मजुरी गेली ती आमच्याच वाडीतली माणसं. म्हणून मी अमर्याद कागद मागत नाही. जिथे त्या दिवशी नेटवर्क नव्हतं, तिथे नोंदवहीत नाव, सही, दोन साक्षीदार, आणि नंतर तपासणी. ॲपवरही खोटेपणा होतोच, फोटोचा फोटो काढून हजेरी लागल्याचं केंद्रानेच पत्रात म्हटलंय. नजर माणसानेच ठेवावी लागते, दोन्हीकडे.

परवडण्याचं म्हणाल तर त्यासाठी पैसा बाजूला काढलेला आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलातला ५ टक्के हिस्सा २००२ पासून याच कामासाठी घेतला जातो. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस फंड म्हणत, २०२३ च्या दूरसंचार कायद्यापासून डिजिटल भारत निधी. आपल्या प्रत्येक रिचार्जमधून तो जातो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले, ते याच विचाराने. म्हणजे वाडी गरीब म्हणून टॉवर नाही, हे कारण कायद्यानेच केव्हाच बाद केलंय. सड्यावर उभी राहणारी बाईसुद्धा रिचार्ज मारते आणि त्या निधीत भर घालते.

---

कलमवाली

वकिली करते, म्हणून हातात काय काय आहे ते सांगते.

ग्राहक मंचात जाता येतं. बरीच वर्षं कंपन्या म्हणायच्या की जुन्या टेलिग्राफ कायद्यामुळे ग्राहक मंचाला अधिकारच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकाली काढला, मंचाला अधिकार आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. सेवा बंद असल्याच्या तारखा आणि तक्रार क्रमांक मात्र लिहून ठेवा, त्यावाचून कुणी उभं करत नाही.

नुसत्या नियमावर विसंबू नका हेही सांगते. २०१५ मध्ये ट्रायने कॉल तुटला की एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ठरवली होती. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कॉल कुणाच्या दोषामुळे तुटला हे न बघता सरसकट दंड लावला होता. म्हणून पुरावा तुमच्या बाजूने हवा.

जांभादादांच्या मुख्य मुद्द्याला सगळ्यात जवळचा निकाल ३० एप्रिल २०२५ चा आहे. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना केवायसीसाठी डोळे मिचकावता येत नाहीत, अंध व्यक्तींना स्क्रीनसमोर चेहरा धरता येत नाही, यावरची ती याचिका. डिजिटल सेवेपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी दुसरे मार्ग ठेवा असे आदेश दिले. त्या निकालात ग्रामीण भागाचाही उल्लेख आहे. डोंगरातल्या वाडीचा युक्तिवाद तिथून पुढे नेता येईल.

आणि रेशनबाबत तर वेगळी मागणी करायचीच गरज नाही. केंद्राच्या अन्न मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्येच सांगितलंय की आधार, अंगठा किंवा नेटवर्क यातलं काहीही अडलं तरी धान्य नाकारायचं नाही, अपवाद म्हणून वेगळ्या नोंदवहीत लिहून द्यायचं. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात रेशन बंद झालेल्या घरातली एक लहान मुलगी दगावली, त्यानंतर ते पत्र निघालं. आपल्या गावातल्या दुकानात ती नोंदवही आहे का, एवढंच विचारा. नसेल तर माहिती अधिकारात प्रत मागा.

लाडकी बहीणमध्येही विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी शेवटी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय करावीच लागली. म्हणजे सरकारला ही वाट काढता येते. ती उशिरा निघाली आणि सगळ्यांसाठी निघाली नाही, ही तक्रार आहे.

---

सत्तरीकर (गोवा)

दूरसंचारात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, म्हणून आमचंही म्हणणं ऐका. आमच्याकडे काही गावांत टॉवर मंजूर होतो आणि लोकच विरोध करतात, किरणांच्या भीतीने. भारताने सप्टेंबर २०१२ पासून किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलीय. हे गावात कोकणी-मराठीत बसून समजावणारं कुणी येत नाही. पोलिस बंदोबस्त आधी येतो. मग संशय वाढणारच.

---

अनुजा (नैरोबी)

केनियात राहते. इथे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ मध्ये सुरू झालं, तेव्हा स्मार्टफोन जवळजवळ नव्हतेच. ते इंटरनेटवर चालत नव्हतं. सिमकार्डातल्या साध्या मेनूवर चालायचं, अजूनही बटणाच्या फोनवर चालतं, आणि प्रत्येक बाजारात एजंट बसलेला असतो. लोकांच्या हातात जो फोन होता तो गृहीत धरून सेवा बांधली. आपल्याकडेही बँकेसाठी नेटशिवाय चालणारं *९९# आहे, पण सरकारी योजनांची बांधणी बघितली तर सगळा भर ॲपवर आणि साइटवर.

इथल्याही चुका सांगायला हव्यात. केनिया सरकारने हजारो सेवा ई-सिटिझन नावाच्या एकाच साइटवर नेल्या. जुलै २०२३ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि पासपोर्टपासून परवान्यापर्यंत सगळं अडकलं. ई-व्हिसा बंद पडला तेव्हा सरकारने विमानतळावर उतरल्यावर व्हिसा द्यायला सुरुवात केली. परदेशी पाहुण्यासाठी पर्यायी वाट लगेच निघाली. तीच तत्परता वाडीतल्या बाईला मिळायला हवी, असं मला वाटतं.

---

रेघोटी

धागा वाचून २०१५ आठवलं. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवर सगळ्या साइटना सारखीच वागणूक द्या या मागणीच्या वेळी दहा लाखांवर ईमेल ट्रायला गेले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभाव करणारे दर बंद करण्याचा नियम आला. तो नागरिकांचा विजय होता. मीही एक ईमेल पाठवला होता आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ईमेल करणारे आम्ही सगळे रेंजमधले होतो. ज्यांना नेटच नाही त्यांचं म्हणणं ईमेलने जाणार कसं? ट्रायच्या सल्लामसलतीची कागदपत्रं मराठीत येत नाहीत. खुली चर्चा होते ती शहरांत, नाहीतर ऑनलाइन. धडगावचा किंवा धारणीचा माणूस त्या नोंदीत कुठेच दिसत नाही. इथल्या शहरातल्या वाचकांना विनंती, पुढच्या वेळी अशी कागदपत्रं निघाली की आपण मराठीत सारांश करून गावांकडे पाठवू आणि त्यांची उत्तरं पोचवू. मी सारांश करायला तयार आहे.

---

जांभा

सगळ्यांचे मनापासून आभार. कलमवाली ताई, तुमचा प्रतिसाद छापून गावात वाचून दाखवला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरलंय. मसुदा खाली देतो, जिथे ढिला वाटेल तिथे सांगा.

‘गावात नेटवर्क कधी बंद होतं याची तारीख-वेळेसह नोंदवही ग्रामपंचायत ठेवील, त्यावर दोन ग्रामस्थांच्या सह्या असतील. रेशन दुकानात अपवाद नोंदवही उपलब्ध करावी व नेटवर्क नसताना धान्य त्याच दिवशी द्यावे. कोणत्याही योजनेची नोंदणी नेटवर्कअभावी होऊ शकली नाही तर संबंधित कर्मचाऱ्याने कागदी अर्ज घेऊन तारखेची पोच द्यावी, व सेवेची मुदत त्या तारखेपासून मोजावी. सेवा बंद झाल्याची नोंद जिल्ह्याऐवजी टॉवरनिहाय व्हावी, अशी विनंती ट्रायला करावी. वरच्या वाडीसाठी डिजिटल भारत निधीतून टॉवर अथवा रिपीटरची मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवावी.’

---

तारायंत्र

दादा, टॉवरची मागणी करताना वाडीचे अक्षांश-रेखांश, घरांची संख्या आणि सड्यावर सरकारी जागा आहे का ते लिहा. जागा आणि वीजजोडणी ग्रामपंचायत देतेय असं ठरावात आलं तर फाइल हलते. आणि ट्रायच्या नव्या नियमांप्रमाणे कंपन्यांना व्याप्तीचा नकाशा साइटवर टाकावा लागतो. त्यात तुमची वरची वाडी ‘सेवा उपलब्ध’ दाखवली आहे का ते बघा, दाखवली असेल तर त्याचा फोटो ठरावाला जोडा.

---

कलमवाली

मसुद्यात एक दुरुस्ती. ‘कर्मचाऱ्याने पोच द्यावी’ याऐवजी ‘पदनिर्देशित अधिकाऱ्याने अथवा त्याने नेमलेल्या कर्मचाऱ्याने’ असं लिहा. लोकसेवा हक्क कायद्यातलं पद तेच आहे, त्यामुळे पुढे अपील करता येईल. आणि ठरावाची प्रत लोकसेवा हक्क आयोगालाही पाठवा.

---

सातपुड्याचा

हाच मसुदा आमच्या पावरी बोलीत करून आमच्या ग्रामसभेतही मांडतो. नोंदवहीचा तक्ता कसा आखलाय त्याचा फोटो इथे टाका.